बडोद्याच्या पेट्रोलवर हायब्रिड गाडी परवडते का?

इंदूरचा पाहुणा झाबुआ मागे टाकून दाहोदला गुजरातेत शिरला की आधी पंप शोधतो, आणि बडोद्याहून परत निघतानाही टाकी फुल करूनच निघतो. त्याचं काही चुकत नाही. २०२४-२५ मध्ये बडोद्यात पेट्रोल लिटरला ९४-९५ रुपये होतं, तेव्हा इंदूरला ते १०६-१०७ होतं. बडोदा, इंदूर, ग्वाल्हेर या तिन्ही गावांतल्या मराठी घरांत सोयरिकी इतक्या आहेत की लग्नकार्यात हा विषय निघतोच. गाडीचा विषय निघाला की त्यालाच जोडून हल्ली आणखी एक प्रश्न येतो: "अरे, तुमच्याकडे पेट्रोल एवढं स्वस्त, मग हायब्रिडसाठी दोन-अडीच लाख जास्त कशाला मोजायचे?"

प्रश्न रास्त आहे. फक्त त्यात सगळा भार पेट्रोलच्या भावावर टाकलेला असतो, आणि माझ्या मते हिशेबात भाव तिसऱ्या नंबरवर येतो. पहिल्या नंबरवर तुमची गाडी कुठे फिरते हे, दुसऱ्यावर ती वर्षाला किती फिरते हे. असं का, ते आकडे मांडून दाखवतो.

आधी, हायब्रिड म्हणजे नक्की काय

शोरूममध्ये 'हायब्रिड' हा शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरतात. एक माइल्ड हायब्रिड. यात छोटी बॅटरी आणि स्टार्टरचंच काम करणारी एक छोटी मोटर असते. सिग्नलला इंजिन बंद करायचं, पुन्हा पटकन सुरू करायचं आणि वेग घेताना थोडा हात द्यायचा, एवढंच तिचं काम. ही मोटर एकटी गाडी ओढू शकत नाही. बचतही किरकोळ. त्यामुळे मागच्या दारावर हायब्रिडचा बिल्ला दिसला म्हणून हुरळून जाऊ नये. विचारायचं ते एवढंच: इंजिन पूर्ण बंद असताना गाडी चालते का?

चालत असेल तर ती स्ट्राँग हायब्रिड, आणि पुढचा सगळा लेख तिच्याबद्दलच आहे. भारतात हा प्रकार सामान्य खरेदीदाराच्या आवाक्याजवळ आला तो २०२२ मध्ये: मे महिन्यात होंडा सिटी, मग त्याच वर्षी टोयोटाची हायरायडर आणि मारुतीची ग्रँड विटारा. पाठोपाठ इनोव्हा हायक्रॉस आली.

यातली खुबी कळायला पेट्रोल इंजिनाची खोड माहीत हवी. इंजिन ठरावीक वेगाने, ठरावीक भाराखाली चालत असतं तेव्हाच पेट्रोलचं सोनं करतं. दांडिया बाजारातून मांडवीकडे संध्याकाळी सहा वाजता निघालात तर यातलं काहीच घडत नाही. दहा फूट पुढे, ब्रेक, पुन्हा दहा फूट. उभं असतानाही इंजिन पेट्रोल पितंच, आणि जो थोडा वेग कमावला तो ब्रेक दाबताक्षणी उष्णता होऊन चाकांशी विरतो. गावातल्या गाडीच्या पेट्रोलचा मोठा वाटा असा वाया जातो.

स्ट्राँग हायब्रिड याच दोन गळत्या बुजवते. गर्दीत सरकताना आणि उभं राहताना इंजिन बंद, गाडी मोटरवर. ब्रेक लावला की तीच मोटर उलटी जनित्र होते आणि वेगातली ऊर्जा बॅटरीत परत ढकलते. इंजिन सुरू होतं ते त्याला मानवणाऱ्या भारावर, आणि जास्तीची ताकद बॅटरीत जाते. शिवाय हे इंजिन ॲटकिन्सन पद्धतीवर चालतं. जेम्स ॲटकिन्सन या इंग्रज अभियंत्याने १८८० च्या दशकात मांडलेली कल्पना आहे ती: वायू जितका दाबला त्यापेक्षा जास्त प्रसरू द्यायचा, म्हणजे त्याच पेट्रोलातून जास्त काम निघतं. आजच्या इंजिनात हे झडप उशिरा बंद करून साधतात. असं इंजिन जोरात कमी पडतं, पण ती उणीव मोटर भरून काढते. टोयोटाने ही जुळणी १९९७ च्या डिसेंबरात प्रिअसमध्ये जपानच्या रस्त्यावर उतरवली. म्हणजे हे तंत्र नवखं मुळीच नाही.

बॅटरी किती मोठी असते? ग्रँड विटारा आणि हायरायडरमध्ये पाऊण युनिटची. इलेक्ट्रिक गाडीत तीस-चाळीस किंवा त्याहून जास्त युनिटांची असते. इलेक्ट्रिकची बॅटरी गच्चीवरची टाकी म्हटली तर हायब्रिडची ओट्यावरचा तांब्या आहे, सारखा भरतो आणि सारखा रिकामा होतो. तिला बाहेरून चार्ज करायची सोय नाही आणि गरजही नाही. गाडीत जाते ती सगळी ऊर्जा शेवटी पेट्रोलचीच. हायब्रिड फुकट काही देत नाही, सांडलेलं गोळा करते.

आणि जिथे सांडतच नाही, तिथे गोळा काय करणार? बडोदा-अहमदाबाद एक्स्प्रेसवेवर चढलात, काटा शंभरावर ठेवलात आणि ९३ किलोमीटर क्वचितच ब्रेक लावलात, तर मोटरला परत मिळवण्यासारखं फारसं उरत नाही. इंजिनही तिथे आपसूक चांगल्या भारावर चालतं. ॲटकिन्सनचा फायदा तेवढा टिकतो. म्हणून हायवेवर साध्या गाडीत आणि हायब्रिडमध्ये अंतर कमी होतं. सगळा हिशेब फिरतो तो याच गोष्टीभोवती.

ॲव्हरेजचा आकडा कुठे चकवतो

आपल्याकडे गाडीचा ॲव्हरेज विचारतात, लिटरला किती किलोमीटर. पैसे मोजताना हे माप डोळ्यांत धूळ टाकतं. कंपन्यांनी जाहीर केलेले आकडे घेऊ. ग्रँड विटाराचं साधं ऑटोमॅटिक मॉडेल लिटरला २०.५८, स्ट्राँग हायब्रिड २७.९७. इनोव्हा हायक्रॉसचं पेट्रोल मॉडेल १६.१३, हायब्रिड २३.२४. दोन्हीकडे फरक सात किलोमीटरच्या थोडा वर, विटाराचा किंचित जास्तच. मग विटारात बचत जास्त, असं वाटेल.

आता उलटं मोजा, शंभर किलोमीटरला किती लिटर. विटारा ४.८६ वरून ३.५८ वर येते, म्हणजे १.२८ लिटर वाचलं. हायक्रॉस ६.२० वरून ४.३० वर, म्हणजे १.९० लिटर. फरक 'तोच', आणि बचत जवळपास दीडपट. कारण उघड आहे: जी गाडी मुळात जास्त पिते तिच्यात वाचवायला जास्त असतं. म्हणूनच आधीच काटकसरी असलेल्या छोट्या गाडीला हायब्रिड यंत्रणा लावून खरेदीदाराचे पैसे परत मिळणं कठीण, आणि सात-आठ माणसं घेऊन फिरणाऱ्या जड गाडीला ते सोपं.

गाडी विकणारा ॲव्हरेज सांगेल. तुम्ही मनात लिटर मोजा.

आता बडोद्याचा हिशेब

प्रयोगशाळेतले आकडे रस्त्यावर मिळत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा विटाराच्या आकाराच्या गाडीसाठी सोयीचे, गोल आणि वास्तवाच्या जवळचे आकडे धरू. गावात साधी ऑटोमॅटिक पेट्रोल गाडी १२ देते, स्ट्राँग हायब्रिड २२. हायवेवर साधी १६, हायब्रिड २०. तुमच्या गाडीचे आकडे वेगळे असतील तर ते घाला, रीत तीच राहील.

गावात शंभर किलोमीटरला साधी गाडी ८.३ लिटर पिते, हायब्रिड साडेचारच्या आसपास. बचत ३.८ लिटर. हायवेवर ६.२५ आणि ५, बचत सव्वा लिटर. म्हणजे रावपुरा, सयाजीगंज, अलकापुरीत फिरलेला एक किलोमीटर एक्स्प्रेसवेवरच्या तीन किलोमीटरांएवढी बचत देतो.

एक सर्वसाधारण घर घेऊ. वर्षाला १०,००० किलोमीटर. त्यातले ७,००० गावात: मांजलपूरहून ऑफिस, मुलांचा क्लास, भाजी, नातेवाईक. ३,००० बाहेर: अहमदाबाद, मुंबई, वर्षातून एकदा इंदूर. गावात वाचतं २६५ लिटर, बाहेर साडेसदतीस. एकूण झालं ३०० लिटर.

बडोद्याच्या ९५ रुपयांनी ३०० लिटरचे होतात २८,५०० रुपये. इंदूरच्या साडेएकशेसहा रुपयांनी जवळपास ३२,०००. गाडीच्या किमतीतला फरक, रोड टॅक्स आणि विमा धरून, अडीच लाख समजू. बडोद्यात तो भरून यायला पावणेनऊ वर्षं लागतील, इंदूरला पावणेआठ.

बघा, लिटरला अकरा-बारा रुपयांच्या फरकाने, ज्यासाठी माणसं टाकी फुल करून सीमा ओलांडतात, हिशेब हलला फक्त एका वर्षाने. उद्या पेट्रोल ८० झालं तर सव्वादहा-साडेदहा वर्षं. १२० झालं तर सात. भाव खूप हलवला तरी एवढंच.

आता भाव ९५ वरच ठेवू आणि किलोमीटर हलवू. त्याच मिश्रणात वर्षाला २०,००० चालवली तर बचत दुप्पट, साडेचार वर्षांच्या आत वसूल. आणि किलोमीटर कुठले आहेत ते हलवलं तर? समजा औषध कंपनीचा एक प्रतिनिधी आहे, अहमदाबाद, भरूच, सुरत असा सतत हायवेवर. वर्षाला २०,००० किलोमीटर, जवळपास सगळे बाहेरचे. त्याचे वाचतात २५० लिटर. म्हणजे आपल्या १०,००० किलोमीटरवाल्या घरापेक्षा कमी! दुप्पट गाडी चालवून कमी बचत. उलट गावातल्या गावात दिवसभर भाडी मारणारा टॅक्सीवाला, तेवढेच २०,००० किलोमीटर, त्याचे वाचतात साडेसातशे लिटर, म्हणजे वर्षाला ७०,००० रुपयांच्या वर. त्याचे पैसे साडेतीन वर्षांत परत. नवल म्हणजे हायब्रिडची चौकशी मला हायवेवाल्यांकडूनच जास्त ऐकू येते. 'मी फार फिरतो, मला ॲव्हरेज पाहिजे' हे त्यांचं म्हणणं. त्यांना ती सगळ्यात कमी उपयोगाची.

उन्हाळ्याचं एक वेगळं सांगायला हवं. बडोद्यात एप्रिल-मे म्हणजे ४२-४३ अंश. हायब्रिडमध्ये एसीचा कंप्रेसर विजेवर चालतो, त्यामुळे सिग्नलला इंजिन बंद असलं तरी गार हवा येत राहते, हे सुख मोठं आहे. पण ती वीज त्या तांब्यातूनच जाते. भर दुपारी काळा घोडा चौकाजवळ अडकलात की बॅटरी लवकर उतरते आणि इंजिन स्वतःहून सुरू होतं. तेव्हा हिवाळ्यात मिळणारा ॲव्हरेज मेमध्ये मिळणार नाही. साध्या गाडीचाही उतरतोच, म्हणून तुलना फार बिघडत नाही.

हप्त्यावर गाडी घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट बघावी, कारण आपल्यातले बहुतेक तसेच घेतात. जादा अडीच लाखांवर ९ टक्क्यांनी पाच वर्षांचं कर्ज म्हणजे महिन्याचा हप्ता ५,२०० च्या घरात. पेट्रोलची बचत महिन्याला २,४०० रुपयांना टेकत नाही. पाच वर्षांत व्याजाचेच ६१,००० जातात, म्हणजे भरून काढायची रक्कम अडीच नव्हे, तीन लाख अकरा हजार. रोख देणाऱ्यालाही सूट नाही. तेच पैसे ७ टक्क्यांच्या ठेवीत ठेवले असते तर वर्षाला साडेसतरा हजार आले असते, त्यावर कर भरावा लागला असता एवढंच. शोरूमच्या कागदावर हा रकाना कधी नसतो.

गाडी विकताना जादा किमतीचा काही भाग परत येतो, हे हायब्रिडच्या बाजूचं. पण तो किती, हे बॅटरीची वॉरंटी किती उरली यावर बरंच अवलंबून राहील. टोयोटा आणि मारुती हायब्रिड बॅटरीवर ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर यातलं जे आधी होईल तेवढी वॉरंटी देतात. आपल्या घरगुती उदाहरणात गाडी पैसे वसूल करते तेव्हा पावणेनऊ वर्षं झालेली असतात, म्हणजे वॉरंटी संपल्यावर. बॅटरी त्या दिवशी बंद पडते असं मुळीच नाही. जगात प्रिअसच्या टॅक्स्या लाखो किलोमीटर पळाल्या आहेत. तरी आठ वर्षांनंतरचा धोका तुमचा, हे लक्षात असू द्या.

स्वस्त म्हणजे कुणामुळे स्वस्त

बडोद्यात पेट्रोल स्वस्त का, याचं घरोघरी एकच उत्तर मिळतं: कोयली. गावाच्या वेशीवर इंडियन ऑइलची रिफायनरी, १९६५ पासून चालू, तेव्हा स्वस्त असणारच. ऐकायला पटतं, पण हे कारण नाही. कोयलीहून रतलामपर्यंत इंडियन ऑइलची पाइपलाइन गेलेली आहे आणि पाइपने तेल न्यायला लिटरमागे अकरा रुपये लागत नाहीत. फरक आहे तो राज्यांच्या करांचा. गुजरातेत पेट्रोलवर १३.७ टक्के व्हॅट आणि ४ टक्के उपकर. मध्य प्रदेशात २९ टक्के व्हॅट, वर लिटरमागे अडीच रुपये आणि १ टक्का उपकर.

हे एवढ्यासाठी सांगतो की आपल्याकडे 'तेल स्वस्त' आणि 'पेट्रोल स्वस्त' या एकच गोष्टी नाहीत. २०१४ च्या जूनमध्ये कच्चं तेल पिंपाला ११० डॉलरच्या वर होतं, २०१६ च्या सुरुवातीला ते तीसच्या खाली आलं. तेवढ्या काळात केंद्राने उत्पादन शुल्क नऊ वेळा वाढवलं आणि पेट्रोलवर लिटरमागे पावणेबारा रुपये चढवले. २०२० तर आणखी बोलकं आहे. २० एप्रिलला अमेरिकेत तेलाचे वायदे शून्याच्याही खाली गेले, विकणारा पैसे देऊन माल ने म्हणत होता. मार्च आणि मे मिळून इथे पेट्रोलवरचं शुल्क १३ रुपयांनी वाढलं. पुढे नोव्हेंबर २०२१ मध्ये ५ आणि मे २०२२ मध्ये ८ रुपयांनी ते उतरवलं, तेव्हा तेल महाग होतं. म्हणजे सरकारी कर मधे गादीसारखा बसलेला असतो, वरचा धक्काही थोडा झेलतो आणि खालचा फायदाही आपल्यापर्यंत पोचू देत नाही.

अमेरिकेत कर कमी, त्यामुळे तिथे धक्का थेट पोचतो. २०१४ नंतर पेट्रोल उतरलं तसे तिथले लोक मोठ्या गाड्यांकडे वळले आणि हायब्रिडचा खप घसरला. 'इंधन स्वस्त झालं की हायब्रिड बुडीत' हे वाक्य तिकडच्या अनुभवातून आलेलं आहे. ते आपल्याकडे जसंच्या तसं लागू करू नये. इथे पेट्रोलच्या भावाचा कडेलोट क्वचितच होतो, म्हणून तुमच्या हिशेबात ९५ ला ९५ धरून चालणं पुरेसं शहाणपणाचं आहे. भारतात एकदा मात्र वेळ अगदी वाईट साधली गेली. होंडाने सिव्हिक हायब्रिड आणली ती २००८ च्या जूनमध्ये. पुढच्याच महिन्यात तेल १४७ डॉलरला टेकलं आणि वर्ष संपेपर्यंत चाळीसच्याही खाली आलं. वीस लाखांच्या वर किंमत असलेल्या त्या गाडीचे भाव काही महिन्यांतच लाखांनी उतरवावे लागले.

बडोद्यातला खरा प्रतिस्पर्धी

इथवर आपण हायब्रिडची तुलना साध्या पेट्रोल गाडीशी केली. बडोद्यात ती अर्धवट आहे. या गावात स्वयंपाकघरात पाइपचा गॅस कित्येक दशकं येतो आहे, आणि सीएनजीचे पंप शोधावे लागत नाहीत. सीएनजी किलोला ८० रुपये आणि याच आकाराची गाडी सरासरी किलोला २० किलोमीटर देते असं धरलं, तर किलोमीटरला ४ रुपये पडतात. आपल्या मिश्र हिशेबात हायब्रिडचे पडतात साडेचारच्या आत-बाहेर, साध्या पेट्रोलचे सव्वासात. म्हणजे चालवायच्या खर्चात सीएनजी हायब्रिडच्या बरोबरीने किंवा किंचित पुढेच, आणि त्यासाठी जादा मोजायचे अडीच लाख नव्हे, लाखाच्या आसपास. वर्षाला १०,००० किलोमीटरवर बचत ३३,००० रुपये. तीन वर्षांत वसूल.

मग सगळ्यांनी सीएनजी घ्यावी का? डिकीत सिलेंडर बसल्यावर चार जणांच्या बॅगा घेऊन मुंबईला जाऊन बघा म्हणजे कळेल. काही कंपन्या आता सिलेंडर फरशीखाली बसवू लागल्या आहेत, तो प्रश्न हळूहळू सुटेल. ताकद थोडी कमी होते, हालोलच्या पुढे पावागढचा चढ गाडी भरून चढताना ती जाणवते. बऱ्याच सीएनजी मॉडेलांत गिअर हातानेच बदलावे लागतात, आणि ज्याच्या डाव्या गुडघ्याने निवृत्तीचा अर्ज दिलेला आहे त्याला क्लच नको असतो. सणासुदीला पंपावरच्या रांगा आहेतच. ही सगळी गैरसोय पैशांत मोजायची की नाही, ते ज्याचं त्याने ठरवावं. मला स्वतःला रांग चालते, डिकी गेलेली चालत नाही.

इलेक्ट्रिकचं थोडक्यात. घरी पार्किंगमध्ये चार्जिंग करता येत असेल आणि गावातच जास्त फिरणं असेल, तर किलोमीटरला दीड रुपयाच्याही आत काम होतं. हायब्रिड जिथे सगळ्यात जास्त वाचवते, म्हणजे गर्दीच्या रस्त्यावर, तिथेच इलेक्ट्रिक तिच्याहून जास्त वाचवते. हायब्रिडची अडचण ही अशी दोन्हीकडून आहे. फ्लॅटच्या सोसायटीत चार्जरची परवानगी मिळत नसेल तर हा परिच्छेद सोडून द्या.

करांनीही हायब्रिडला मधेच लटकवून ठेवलं आहे. इलेक्ट्रिकवर जीएसटी ५ टक्के. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवर १८ टक्के. चार मीटरहून लांब गाड्यांवर ४० टक्के, मग त्या साध्या असोत की स्ट्राँग हायब्रिड. त्याआधी मोठ्या हायब्रिडवर उपकरासह ४३ टक्के लागायचे आणि तशाच साध्या एसयूव्हीवर ४५ ते ५०, म्हणजे हायब्रिडला थोडी तरी सवलत होती. नव्या दरांत दोघींच्या किमती उतरल्या, पण ती सवलत गेली.

मग कुणी घ्यावी

बडोद्यात राहणारा, वर्षाला आठ-दहा हजार किलोमीटर चालवणारा, गाडी सहा-सात वर्षांनी बदलणारा माणूस फक्त पैसे वाचवायला हायब्रिड घेत असेल तर त्याने घेऊ नये. हे मी स्पष्टच सांगतो. पंधरा हजारांच्या वर, त्यातले निदान दोन तृतीयांश गावात, आणि गाडी आठ वर्षं ठेवायची तयारी, इथपासून हिशेब जुळायला लागतो. इंदूरवाल्यांनी यातून हजार-दीड हजार किलोमीटर वजा करावेत, बस्स. मोठं कुटुंब असेल आणि हायक्रॉसच्या वर्गातलीच गाडी घ्यायची असेल तर वर सांगितल्याप्रमाणे बचत जास्त. पण तिथे हायब्रिड वरच्याच मॉडेलांत मिळते आणि किमतीतला फरकही कितीतरी मोठा, तेव्हा सनरूफ आणि थंड हवेच्या सीटचे पैसे बाजूला काढून मगच इंजिनाचे पैसे मोजा.

पैशांव्यतिरिक्त कारणं नाहीत असं नाही. गर्दीत ही गाडी आवाज न करता सरकते, क्लच-गिअरची कटकट नाही, गिअर बदलतानाचा हिसका नाही. आई-वडिलांना घेऊन दवाखान्यात जाणाऱ्याला हे महत्त्वाचं वाटू शकतं. ३०० लिटर पेट्रोल न जाळल्याने वर्षाला सातशे किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि देशाचं ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून येतं हेही आहेच. या कारणांसाठी कुणी लाख-दीड लाख जास्त मोजत असेल तर तो खर्च आहे, चांगला खर्च आहे. त्याला गुंतवणूक म्हणू नये, कारण मग घरच्यांना तीन वर्षांनी हिशेब द्यावा लागतो.

ज्यांना सरकारकडे काही मागायचंच असेल त्यांच्यासाठी एक शेवटचा आकडा. उत्तर प्रदेशाने जुलै २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रिडवरचा नोंदणीचा कर माफ केला. गुजरातेत रोड टॅक्स ६ टक्के, म्हणजे अठरा लाखांच्या गाडीवर लाखभर रुपये. तो इथे माफ झाला असता तर आपल्या उदाहरणातले अडीच लाख दीड लाखावर आले असते आणि पावणेनऊ वर्षांची सव्वापाच झाली असती. पेट्रोल १२० रुपये झालं तरी सातच्या खाली फारसं जात नव्हतं.